मकबूल भाईंच्या नावाने

११ ऑक्टोबर, बुधवार

ठरलं. विधानसभेला उभी राहते. अपक्ष.

आमच्या नागरिक समितीची बैठक आमच्याच घरी, बरकतपुऱ्याला झाली. सगळ्यांनी माना डोलावल्या, फक्त एकनाथरावांनी नाही. वकिली सोडून दहा वर्षं झाली तरी उलटतपासणी सुटलेली नाही. "वहिनी, आपल्या वयाची माणसं वर जायची तयारी करतात ती वेगळी. तुम्ही कुठल्या वर निघालात?" मी म्हटलं, चहा घ्या आणि गप्प बसा. ते चहा घेतात, गप्प बसत नाहीत.

कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर शब्द बदलायला नकोत. जुलैच्या शेवटी माझ्या कॉलेजपासूनच्या मैत्रिणीचे, रज़ियाचे मिस्टर मकबूल भाई मोतीगल्लीच्या तोंडाशी नाल्यात पडून गेले. गाळ काढायला कंत्राटदाराने स्लॅब उचलले होते, ते परत बसवले नव्हते. कठडा नाही, दिवा नाही, साधं लाल फडकं नाही. गुडघाभर पाण्यात रस्ता कुठला आणि नाला कुठला हे कळायला मार्ग नव्हता. तिसऱ्या दिवशी सापडले. त्या नाल्याबद्दल आमच्या समितीने घातलेले अर्ज त्याआधीपासून पडून होते. मी महापालिकेत जाब विचारायला गेले तर साहेब म्हणाले, "हमारे हाथ में कुछ नै मॅडम, ऊपर से आना." ऊपर म्हणजे कुठून, असं मी एकेका टेबलावर विचारत गेले. शेवटच्याने छताकडे बोट दाखवलं.

तेव्हा वर जायचं. स्लॅब बसवून घ्यायचे. कारण एवढंच आहे.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

रज़ियाला सांगायला गेले. ती इद्दतीत आहे. त्यांच्यात नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईने घराबाहेर पडायचं नसतं, म्हणजे डिसेंबर उजाडेपर्यंत ती घरात. मला हे पटत नाही आणि मी तिला तसं सांगितलेलं आहे. आमचे यशवंतराव गेले तेव्हा चौदाव्या दिवशी मी ऑफिसात माझ्या टेबलावर होते. कामाने माणूस सावरतो. ती म्हणाली होती, "तू सावरी कां, मालूम नै. काम तो बहुत करी." तिला अशी कोडी घालायची सवय आहे.

आज तांदूळ निवडत बसली होती. हातात बांगड्या नाहीत, त्यामुळे मनगटं कोणा दुसरीचीच वाटतात.

"रज़िया, मैं इलेक्शन में खड़ी हो रई."

"हौ, हो जा. बैठना तेरेकू कब आया?" मग जरा हसली. "कॉलेज में भी तूइच खड़ी हुई थी. मेरेकू पूछे बगैर मेरा नाम भी डाल को आ गई थी."

"आणि तू निवडून आलीस, मी पडले."

"तो अब मेरा नाम नक्को डाल. फिर पडेगी."

दोघीही हसलो. बऱ्याच दिवसांनी तिला हसताना पाहिलं. तेवढ्यात मी पोस्टरसाठी मकबूल भाईंचा फोटो मागितला. ती ताटातले खडे बघत राहिली. मग म्हणाली, "रहने दे ना, शैला."

संकोची स्वभाव, पहिल्यापासून. फोटो तिच्या मुलीकडून, सनाकडून फोनवर मागवून घेतला. सना धाकटी, बी.एड. करते. "अम्मी को पूछे आंटी?" म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या अम्मीला मी तुझ्याहून जास्त दिवस ओळखते.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

बस्तीत बतुकम्माच्या सणाची गडबड. बायका फुलांची उतरंड रचत होत्या, तिथेच दहा मिनिटं बोलायला मिळाली. एकनाथरावांनी लिहून दिलेलं भाषण वाचलं. पावसाळी पाण्याचा निचरा, अंदाजपत्रकातली तरतूद, वगैरे. बायका झेंडूचे देठ खुडत राहिल्या. एकीने जांभई दिली ती मला स्पष्ट दिसली.

मग कागद मिटला आणि मकबूल भाईंचं सांगितलं. सुलतान बाजारात पुस्तकांची बांधणी करणारा माणूस. कोणाला मोठ्याने बोलला नाही. छत्री घेऊन निघाला, बायकोची शुगरची गोळी संपली होती ती आणायला. छत्री तिथेच अडकलेली सापडली. एक चप्पल पुढे, दुसरी नाहीच.

देठ खुडणं थांबलं. एक म्हातारी मला धरून तेलुगूत काहीतरी म्हणाली. "मा अन्नकी" एवढं कळलं. तिच्या भावाचं काही असावं.

गोळीचं सांगितलं की बायकांचा पदर डोळ्यांकडे जातो. चपलेने पुरुषही थांबतात. लिहायला बरं वाटत नाही, पण हे खरं आहे आणि उपयोगाचं आहे.

९ नोव्हेंबर, गुरुवार

अर्ज भरला. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात. माझ्या मनात पहिली सही रज़ियाची होती. कागद घरी नेता येतो, तिने बाहेर पडायची गरजही नव्हती. पण नाही म्हणाली. "मैं घर में बैठी हूँ शैला, मेरा नाम भी मेरे साथ घर में बैठने दे."

रागावले मी. शिकलेली बाई, तीस वर्षं उर्दू शाळेत शिकवलं, समितीची पहिली सभासद. धरण्याला माझ्याशेजारी उन्हात बसलेली. आणि आता नाव घरात बसवते. एकनाथराव म्हणाले, "वहिनी, शोकालाही मुदत असते, ती कोर्टाने ठरवायची नसते." यांना सगळ्यांतून कोर्टच दिसतं.

अर्ज घेणाऱ्या अधिकाऱ्याने गमतीने विचारलं, "मॅडम, कायकू खड़े हो रे आप?" मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीला न्याय मिळावा म्हणून. बाहेर आल्यावर लक्षात आलं की आधी मी स्लॅबसाठी म्हटलं होतं. एकच गोष्ट आहे ती.

१५ नोव्हेंबर, बुधवार

चिन्ह मिळालं. बादली. एकनाथराव खूश. "नाला उपसायला बरी."

मेघनाचा पुण्याहून फोन. "आई, तुला किती मतं पडणार? आणि तू जेवतेस का?" दोन्ही प्रश्न एका दमात विचारले. मग म्हणाली, "बाबा गेल्यापासून तू एकही दिवस रिकामी बसली नाहीस." मी म्हटलं, रिकामं बसायला मला कोणी शिकवलेलं नाही. माझं मराठी पत्रक तिला पाठवलं होतं. ते तिच्या मुलाला वाचता आलं नाही, असं तिने सांगितलं.

१८ नोव्हेंबर, शनिवार

प्रचाराची ऑटो सुरू झाली. परवानगी रीतसर. भोंगा एकच, पण दणदणीत. आवाज माझाच भरला आहे. तेलुगूचं समितीतल्या चारुलताने तपासून दिलं, दख्खनी मला कोणी शिकवायची गरज नाही. मकबूल भाईंचं सगळं त्यात आहे, गोळी, छत्री, चप्पल. शेवटी, "मकबूल भाई के नाम पे, बादली कू वोट."

रस्ता मी स्वतः आखला. सुरुवात मोतीगल्लीपासून. कारण साधं आहे. रज़िया सभेला येऊ शकत नाही, तर सभा तिच्या दारी न्यायची. तिला कळलं पाहिजे की तिच्या माणसाला कोणी विसरलेलं नाही. नाल्यावर स्लॅब नाहीत, म्हणून ऑटो नाल्याच्या अलीकडेच, तिच्या खिडकीसमोर थांबून वळते. तेवढ्यात पूर्ण भाषण एकदा होतं. सकाळी दोन फेऱ्या, संध्याकाळी दोन.

ऑटोवाला म्हणाला, "अम्मा, ये गल्ली में लोगां खामोश खड़े रहतें, कुछ बोलतेच नै." मी म्हटलं, ऐकतात ना, झालं तर.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

वाटेत रज़ियाकडे डोकावले. खोली कोंदटलेली. खिडकी बंद, फटीत जुनी ओढणी कोंबलेली. या हवेत खिडकी बंद कशाला? ओढणी काढून खिडकी मीच उघडली. माणसाला हवा लागते.

खूप वाळली आहे. साखर तपासली का विचारलं तर मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मी गाडीबद्दल विचारलं.

"ऐकू येतं का नीट?"

"हौ," म्हणाली. "तेरी आवाज बहुत साफ आती."

बरं वाटलं. आवाज भरताना घसा बसलेला होता, मला धास्ती होती. निघताना तिने माझा हात धरला, काही बोलणार असं वाटलं. पण खाली ऑटो आली आणि माझंच भाषण सुरू झालं, मग दोघींनाही बोलता येईना. ती आत गेली. मी ऑटोवाल्याला वळण्याची दुसरी बाजू दाखवायला खाली उतरले.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सना आली. आल्यावर पाणीसुद्धा घेतलं नाही.

"आंटी, गाडी दुसरे रस्ते से नै जा सकती क्या?"

"का? तुझी परीक्षा आहे?"

"नै."

"मग कोणी काही म्हणालं? कुठल्या पार्टीवाल्याने?"

"नै आंटी. अम्मी..." आणि थांबली. डोळे भरले. मी ग्लास पुढे केला. पुन्हा विचारलं, कोण येऊन दम देऊन गेलं? ती म्हणाली, "कोई नै आया." ज्या घाईने म्हणाली त्यावरूनच मला कळायचं ते कळलं. एकट्या बाईचं घर, तरुण मुलगी. पक्षवाल्यांना हे सोपं असतं.

तिला म्हटलं, घाबरायचं नाही, मी आहे. ती गेल्यावर ऑटोवाल्याला फोन केला. मोतीगल्लीत उद्यापासून सहा फेऱ्या. दबावापुढे एकदा मागे सरलं की संपलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी एवढं एकच शिकले आहे.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी पाचला प्रचार संपला. भोंगा उतरवला. घसा गेला आहे.

३० नोव्हेंबर, गुरुवार

मतदान. सकाळपासून मोतीगल्लीच्या शाळेसमोर, नियमाच्या अंतरावर उभी होते.

रज़िया येणार असं मी धरून चालले होते. काल एका मौलवी साहेबांना फोनवर विचारूनही घेतलं. गरजेच्या कामाला, दिवसाउजेडी, बाई बाहेर पडू शकते म्हणाले. मतदान गरजेचं नाही तर काय? तसा निरोप सनाजवळ पाठवला होता.

दुपारी सना एकटीच आली. मत देऊन आली तेव्हा मी विचारलं, अम्मी?

"नै आएंगे."

"मौलवी साहेबांचं सांगितलंस?"

"सांगितलं, आंटी." माझ्याशी ती पहिल्यांदाच मराठीत बोलली. मग बोटावरची शाई पुसत पुसत गेली. ती शाई पुसली जात नाही हे तिला माहीत असणार.

गल्लीतली माणसं सलाम करत होती, पण थांबत नव्हती. बेकरीवाले करीम भाई, ज्यांच्या दोन्ही मुलींचे दाखले मी मिळवून दिले, ते रस्ता ओलांडून पलीकडून गेले.

३ डिसेंबर, रविवार

निकाल. अनामत गेली. चारशेच्या आत मतं. मेघनाला तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

हरण्याचं काही नाही. जिंकेन असं मला कधी वाटलंच नव्हतं. वाटलं हे की मोतीगल्ली माझ्यामागे असेल. मतमोजणीला आमच्या वतीने एकनाथराव बसले होते. मोतीगल्लीच्या केंद्रावर बादलीला सगळ्यांत कमी, दोन हातांची बोटं पुरतील एवढी. ज्या बतुकम्माच्या बायका मला एकदाच भेटल्या त्यांच्याकडून याच्या कितीतरी पट.

मी म्हटलं, दमदाटी झाली, दुसरं काय. मी सनाचं तुम्हाला सांगितलं होतं.

एकनाथराव चहा घेत नव्हते. चष्मा काढून बसले होते. म्हणाले, "वहिनी, त्या गल्लीतल्या पोरांनी मकबूलला खाटेवर घालून घरी आणलं. करीमने त्याच्या तोंडावरचा चिखल पुसला. त्यांना तो कसा गेला हे सांगायची काय गरज होती? आणि दिवसातून सहा वेळा?"

"मी त्याच्यासाठीच..."

"हो," म्हणाले. "आणि ती बाई बाहेर पडू शकत नव्हती."

ते गेल्यावर मी भांडी घासली, ओटा पुसला, मग परत पुसला. पोस्टरची राहिलेली भेंडोळी माळ्यावर टाकली. सगळी कामं झाली तेव्हा दुपारचे चारच वाजले होते.

हे तेव्हाच का सांगितलं नाही कोणी, असा राग आला. मग सना आठवली. पाणीसुद्धा न घेता उभी होती.

५ डिसेंबर, मंगळवार

रज़ियाची इद्दत संपली. मी गेले.

दारातच बोचकी बांधलेली. सिकंदराबादला बहिणीकडे निघाली होती. किती दिवस, म्हणून मी सनाकडे पाहिलं तर सनाने खाली पाहिलं.

रज़ियाने मला बसायला सांगितलं. चहाही ठेवला. तिचं घर आहे, तिथे कोणी चहाशिवाय जात नाही. मी वाटेत वाक्य जुळवून आणलं होतं, ते म्हटलं. माझं चुकलं, पण तुझ्यासाठी केलं.

"मेरे वास्ते?" आवाज चढवला नाही तिने. तो कधीच चढत नाही. "मेरेकू पूछी थी?"

मी मान हलवली, नाही.

"उनो एक बार गिरे थे शैला. कित्ती देर लगी, अल्ला जानता. तू उनकू रोज गिराई. सुबह गिराई, शाम कू गिराई. खिडकी बंद करी मैं, तू आ को खोल दी. कान में रुई डाली. रुई में से भी तेरीच आवाज."

चहा उतू गेला. सना उठली, पण रज़ियाने हाताने तिला बसवलं.

"और गोली." तिने रिकाम्या मनगटावरून हात फिरवला. "वो बात मैं एक तेरेकू बोली थी. वो पहली रात, जब उनकू ढूंढ रे थे. अपनी अम्मा कू नै बोली, सना कू नै बोली. तू भोंगे में बोल दी. अब सारा मोहल्ला जानता, आदमी किसके वास्ते निकला था बोल को."

सना आईकडे बघत होती. तिच्या त्या बघण्यावरून मला कळलं की तिलाही ते भोंग्यातूनच कळलं होतं.

मला आठवलं ती रात्र. पाऊस थांबलेला, सगळे पुरुष नाल्यावर, आणि ही माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली होती. मी तेव्हा काय म्हटलं तेही आठवलं. म्हटलं होतं, रडू नकोस, कामाला लाग, त्यांचा अलीकडचा फोटो काढ, पोलिसांना लागेल.

आज काही म्हटलं नाही. उतू गेलेल्या चहाचा वास येत होता.

मग रज़िया उठली. बुरखा घातला. सना बोचकी घेऊन पुढे ऑटो थांबवायला गेली. घरातून रस्त्यावर यायला नाल्यावरूनच यावं लागतं. स्लॅब अजून नाहीत, दोन फळ्या टाकल्या आहेत. रज़िया फळ्यांपाशी येऊन थांबली. खाली बघत नव्हती, समोरच्या भिंतीकडे बघत होती. ती उन्हात आली होती ती इतक्या महिन्यांनी.

मी पलीकडे जाऊन हात पुढे केला. तिने हात धरला नाही. हातातली कपड्यांची पिशवी माझ्याकडे दिली, आणि दोन्ही हातांनी बाजूची भिंत धरून धरून स्वतःच पलीकडे आली.

ऑटोत बसल्यावर मी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. "तू भी खा को सो," म्हणाली. ते ती मला नेहमीच म्हणते. नेहमीचं 'आती रह' मात्र म्हणाली नाही.

सिकंदराबादला तुझ्याकडे येऊ का, असं मला विचारायचं होतं. आजवर तिच्याकडे जाताना कधी विचारलं नव्हतं, मनात आलं की गेले. आज विचारावंसं वाटलं. ऑटो निघेपर्यंत मी उभी होते. विचारलं नाही.